कपाळावरचं तेल

रविवारच्या उपासनेत बायबलमधल्या, इस्राएलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याची गोष्ट निघाली, की मी त्याच्यावर चिडायचे. लोक म्हणाले, शेजाऱ्यांसारखा आम्हालाही राजा हवा. त्याने परोपरीने समजावलं, राजा तुमची पोरं, शेतं, गुरं ओढून नेईल. लोक ऐकेनात. शेवटी राजाच्या डोक्यावर तेल ओतलं ते त्यानेच. पटत नव्हतं, तर ओतलं कशाला?

ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत तीच गोष्ट आमच्या दारात घडली. नळावरची भांडणं असोत की घरातली धुसफूस, निवाडा बाबांकडे यायचा. ते आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पंच. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायचे, आणि त्यासाठी हिंदू, बौद्ध शेजारीही यायचे.

एकदा सगळे मिळून आले. "बाबा, तुम्ही थकलात. तुमची पोरं तर चहापाणी घेऊन नळावर नंबर पुढे करतात. खालच्या वस्तीला दादा आहे, म्हणून तिथे पाणी येतं. आपल्याला पण पायजे."

माझ्या भावांचं ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. बाबांचा चेहरा उतरला.

"आज पाणी आणेल, उद्या तुमचीच पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागे फिरतील," ते म्हणाले.

"फिरू दे ना. पण दादा पायजेच."

त्यांनी दादा म्हणून निवडलेला उंचापुरा गडी लाजून पाण्याच्या पिंपांमागे लपला होता. त्याला ओढून आणला. तेल बाबांनीच लावायचं, असा सगळ्यांचा हट्ट. त्याशिवाय तो आपला कसा? मला वाटलं, बाबा वाटी भिरकावतील. त्यांनी मुकाट्याने त्याच्या कपाळाला तेल लावलं, आशीर्वाद दिला. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

पाणी आलं. मागोमाग काठ्याही आल्या. ज्यांनी हट्ट धरला होता, तेच आमच्या उंबऱ्यावर येऊन रडू लागले, "बाबा, वाट लागली आमची." मी वाट बघत होते, बाबा आता तरी म्हणतील, सांगितलं नव्हतं का? छे! ते त्यांना पाणी द्यायचे आणि ऐकून घ्यायचे.

अखेर पोलिसांनी दादाला धरून नेलं. वस्तीत पेढे वाटले. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबांनी आमच्याआधी त्याचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडले.

"त्याच्यासाठी रडताय?" मी फणकारले. "तुम्हाला तर तो नकोच होता!"

"नकोच होता गं," बाबा म्हणाले. "पण तेल मी लावलंय ना. मी नाही रडायचं, तर त्याच्यासाठी कोण रडणार?"