पेडगावच्या मारुतीला अकरा सायकल-फेऱ्या

मला सायकलवर चढता येत होतं. उतरता येत नव्हतं.

एवढी एक बाब सोडली, तर मी परभणीच्या तहसील कचेरीतला सगळ्यात बरा सायकलस्वार होतो, असं माझं मत होतं. (मत माझंच होतं. दुसऱ्या कुणाला विचारायची वेळ आली नव्हती.)

चूक लग्नाच्या बैठकीत झाली. माझे होणारे सासरे, आबा, पेडगावचे बागायतदार. बोलणं कमी, मिशा जास्त. सगळं ठरल्यावर त्यांनी सहज विचारलं, की पाव्हण्यांना सायकल येती का? निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं होतं, कारकुनाला सायकल येणं म्हणजे नव्या जमान्याची खूण होती, आणि समोरच्या दाराआड हिरवी बांगडी हललेली मला दिसली. मी म्हणालो, "येते की!" तोवर मी सायकलला हातसुद्धा लावला नव्हता.

आबांनी लग्नात सायकल दिली. काळी, उंच, पाठीला कॅरिअर, घंटी अशी की मेलेला उठून बसेल. पण देताना भर मांडवात अट घातली. "जावईबापू, पयल्या धोंड्याला हिच्यावर बसून पेडगावला या. समद्या गावानं बघू द्या. न्हाई जमलं तर ही सायकल थोरल्या जावयाला." थोरले जावई म्हणजे माझे साडू, जिंतूरचे. दोन्ही हात सोडून सायकल चालवायचे आणि चालवता चालवता पान लावायचे. त्यांनी त्या वेळी सायकलच्या सीटवरून जो हात फिरवला, तो मी अजून विसरलेलो नाही.

तीन महिन्यांत अधिक महिना आला, ऐन वैशाखात. सुभद्रा, म्हणजे आमची ही, चार दिवस आधी बैलगाडीनं माहेरी गेली. जाताना म्हणाली, "पडू नका. आणि पडलाव तर गावात पडू नका." तिला सगळं माहीत होतं.

मला शिकवलं आमच्या कचेरीतल्या हुसेनभाई चपराशानं. परभणीच्या बाहेर पडलं की पेडगावच्या अंगाला नवा मुरमाचा रस्ता टाकलेला होता. काळ्या रानातून तांबडी पट्टी ओढल्यासारखा. दोन्ही कडांना खडीचे ढीग, मैलामैलाला पांढरा दगड, आणि वाहन म्हणाल तर एक नाही. मोटार आठवड्यातून एखादी, तीही बहुधा माणसं ढकलत आणायची. गाडीवान त्या रस्त्यावर यायचे नाहीत, मुरूम बैलांच्या खुरांना टोचतो म्हणून. ते आपले शेजारच्या जुन्या गाडवाटेनं जायचे आणि आमच्याकडे कीव केल्यासारखं बघायचे. रोज पहाटे तो सगळा रस्ता माझ्या एकट्याच्या मालकीचा! त्या रस्त्यावर मी मनसोक्त पडलो.

माझे पाय आखूड, सायकल उंच. म्हणून हुसेनभाईंनी युक्ती काढली: मैलाच्या दगडावर उभं राहायचं, टांग टाकायची, दगडाला लाथ मारायची, की निघाली सायकल. पंधरा दिवसांत मी एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत जायला लागलो. थांबायचं झालं की दगड गाठून त्याच्यावर पाय टेकायचा. दगड हुकला की पडायचं. ब्रेक होते, पण ब्रेक दाबला की सायकल थांबते, आणि थांबलेली सायकल आडवी होते, हा माझा अनुभव होता. एकदा मी विचारलं, दगडाशिवाय उतरायचं कधी शिकवणार? हुसेनभाई शांतपणे म्हणाले, "साब, चढना पैले, उतरना बाद में. उतरना अगले हफ्ते." आणि पुढच्या हप्त्यात मेहुणीच्या लग्नाला नांदेडला निघून गेले.

शेवटी मी दगडांच्या भरवशावर निघालो. पांढरं धोतर, नवा कोट, टोपी. पोखर्णीच्या नरसिंहाला मनातल्या मनात नारळ बोललो आणि पहिल्या दगडाला लाथ मारली.

खरं सांगतो, तशी सकाळ पुन्हा मिळाली नाही. चाकाखाली मुरूम कुरकुर वाजतोय, वारा कोटात शिरून मला फुगवतोय, रस्त्यावर माझी एकट्याची सावली. मध्ये एका धनगराची मेंढरं रस्ता भरून आडवी आली. मी घंटी वाजवली, ती दोन बाजूंना झाली, आणि मी मधून राजासारखा गेलो. प्रत्येक दगडावर पाय टेकून पाणी प्यायचो, पुन्हा लाथ, पुन्हा स्वारी. वेशीच्या अलीकडे शेवटचा दगड होता. त्याच्यावर ऐटीत पाय टेकायचा, आबांनी बघायचं, सायकल माझी, असा सगळा बेत पक्का होता.

शेवटचा दगड आला. त्याच्यावर धोंडिबा हलगीवाला बसला होता.

आबांनी जावयाच्या स्वागताला वाजंत्री सांगितली होती. मला बघताच धोंडिबानं बसल्या जागी हलगी सुरू केली. मी "ऊठ, ऊठ" म्हणून ओरडलो, त्यानं आणखी जोरात वाजवली. दगड मागं पडला. पुढं वेस, वेशीत आबा, भाकरतुकडा घेऊन सासूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन सुभद्रा, हाताची घडी घालून साडू, आणि मागं सगळं गाव. मी त्यांच्यासमोरून निघून गेलो. सासूबाईंनी ओवाळलेला भाकरतुकडा साडूंच्या अंगावर पडला.

वेशीच्या आत मुरूम संपत होता आणि समोर मारुतीचं देऊळ होतं. देवळाभोवती बैलांच्या मिरवणुकीची तुडवलेली वाट. पुढं गल्ली अरुंद, तिच्यात जायची छाती नव्हती, म्हणून हँडल वळवलं. ते डावीकडं वळलं, आणि देव माझ्या उजव्या हाताला आला. इथंच घात झाला. हँडल उजवीकडं वळलं असतं, तर उलटी फेरी म्हणून गावानं मला तिथंच ओढून पाडलं असतं आणि माझी सुटका झाली असती. पण फेरी सुलटी पडली. मी देवळाला वळसा घालून पुन्हा समोर आलो, तोवर आबांनी डोक्याचा पटका सारखा केला होता आणि हात जोडले होते.

"बाजूला व्हा," आबा लोकांना म्हणाले. "जावई फेऱ्या घालायलेत. मधी कुणी येऊ नका. परदक्षिणा मोडू ने."

दुसऱ्या फेरीला गावानं जय म्हटलं. तिसऱ्या फेरीला धोंडिबा हलगी वाजवत देवळापुढं आला आणि मी काय ओरडतोय हे कुणाला ऐकू जाईना. चौथ्या फेरीला एका म्हातारीनं माझ्यावर गुलाल उधळला. मला समोरचं दिसेना, तरी सायकलला वाट पाठ झाली होती. साडू तेवढे बारीक डोळे करून माझ्या पायांकडं बघत होते. त्यांना संशय आला होता, आणि ते आबांच्या कानाशी लागले होते.

सुभद्रा वाटेच्या कडेला येऊन उभी राहिली. आमचं बोलणं हप्त्याहप्त्यानं झालं. पाचव्या फेरीला मी म्हणालो, "उतरता येईना." सहाव्या फेरीला ती म्हणाली, "ठावं हाय." सातव्या फेरीला मी म्हणालो, "पडतो आता." आठव्या फेरीला ती म्हणाली, "अकरा होऊ द्या. अकराच्या आत पडलाव तर सायकल जिंतूरला." नवव्या फेरीला मी नुसता धापा टाकत गेलो. दहाव्या फेरीला ती दिसलीच नाही. लग्न होऊन तीन महिने झाले होते, एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

अकराव्या फेरीला ती देवळाच्या दारापुढं होती. गड्याला हाताशी धरून तिनं देवापुढं कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग रचून घेतला होता. बापाला काय सांगितलं देव जाणे. मी समोर आलो तशी ती एवढंच म्हणाली, "आता."

मी डोळे मिटले आणि कडब्यात शिरलो. सायकल तिथंच राहिली, मी पुढं गेलो, आणि मारुतीच्या पायरीपुढं पालथा पडलो. हात पुढं, कपाळ जमिनीला. हलगी थांबली. मी उठायचा विचार करत होतो, तेवढ्यात आबांचा भरलेला आवाज आला.

"दंडवत घातलं. कोट घालून दंडवत घातलं माझ्या जावयानं." त्यांनी साडूंकडं वळून विचारलं, "तुमी काय म्हणत व्हताव, उतरता येत न्हाई म्हणून?"

साडू अंगावरचा भाकरतुकडा झटकत होते. सायकल माझी झाली. दुपारी पुरणाचे तेहतीस धोंडे ताटात आले, मी खरचटलेल्या मांडीवर लेप लावून सगळे खाल्ले. सुभद्रा वाढताना एकदाही हसली नाही. आत जाऊन हसत होती, ते ऐकू येत होतं.

पुढं दोन वर्षांनी मी उतरायला शिकलो. पण आबांना सांगणार कोण? ते माझी चाहूल लागली की स्वतःच कडबा टाकून ठेवायचे. मग काय, प्रत्येक खेपेला अकरा फेऱ्या आणि कडबा! साडू बिचारे हात सोडून यायचे, चालत्या सायकलवरून फुलासारखे उतरायचे, आणि आबा सुस्कारा टाकायचे. "चालीवतो बेस. पण भाव न्हाई."

आबा गेले, सायकल मोडीत गेली, मुरमावर डांबर आलं. परवा बऱ्याच वर्षांनी पेडगावला गेलो, सुभद्राचा हात धरून बसमधून सावकाश उतरलो. मारुतीपुढं धोंडिबा बसला होता, पार म्हातारा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार वाईट वाटल्यासारखं विचारलं, "पावणं, असं सादंच उतरलाव?"

मी पायरीपुढं उभा राहिलो आणि हात जोडले. त्या देवाला मनापासून केलेला माझा हा पहिलाच नमस्कार, आणि गावात कुणी ढुंकूनही बघितलं नाही.