जड झालेलं पातं

माझा स्वभाव मुळातच संशयी. आमच्या सुपेल्याच्या बाजारात मी भाजीवाल्याचा काटा आधी बघतो, भाजी नंतर. त्यामुळे आमचं इंजिन थरथरायला लागलं तेव्हा माझं लक्ष यंत्राआधी माणसाकडे गेलं.

इंजिन दोघांचं, माझं आणि माझ्या मित्राचं. पोलादाच्या प्लांटमध्ये आम्ही एकाच वर्कशॉपला होतो. रिटायर झाल्यावर दिवस खायला उठला, म्हणून पहिल्या विमानांना असायचं तसलं एक छोटं इंजिन आम्ही भंगारातून उभं केलं. उडायचं नव्हतंच. पुढे लाकडी पंखा लावून नुसतं चालवायचं, एवढीच हौस. माझ्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये ते ठेवलेलं असे आणि तो हवा तेव्हा येई-जाई.

नवरात्रापर्यंत इंजिन छान चाललं. दसऱ्यानंतर चालू केलं तर अख्खा स्टँड हलायला लागला. कार्बोरेटर उलटा ठसकायचा, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. त्याची सुई सैल करून पेट्रोल वाढवलं की काळा धूर. मधलं काही जमेना. त्याला पेट्रोल नेहमी थोडं जास्त हवं असायचं, मला कमी, आणि त्यावरून आमची रोज तू-तू-मैं-मैं. मला वाटलं, हाच माझ्या माघारी सुई फिरवतोय.

मी सुईवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका जागचा हलला नाही. तरी माझं समाधान नाहीच. लेकाचा हुशार, ठिपका बघून सावध झाला असेल! शेवटी विचारलंच.

"मी नसताना तू शेडात आला होता का?"

"आलो होतो ना, नवमीले. कावून?"

"सुईले हात लावला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू माह्यावर शक करून राहिला काय बे?"

तो उठला आणि कॅम्प-१ वस्तीतल्या आपल्या घरी निघून गेला.

डोकं तापलं होतं, हाताला काम हवं होतं. मी पंखा उतरवला, मधल्या भोकात सळई घातली आणि ती दोन टेबलांवर आडवी ठेवून पंखा मोकळा सोडला. दर वेळी एकच पातं खाली जाई. त्या पात्याचं टोक फुगलं होतं आणि बोल्टाच्या खाचेत हळदकुंकू होतं. खंडेनवमी! त्याने यंत्र धुऊन पुजलं होतं आणि पंखा उभाच ठेवून गेला होता. वॉर्निश अजून द्यायचं होतं, म्हणून ओघळलेलं पाणी खालचं पातं पिऊन बसलं. त्या एका जड पात्याने इंजिन हलत होतं, हलण्याने कार्बोरेटरमधलं पेट्रोल फेसाळून कधी कमी, कधी जास्त जात होतं, आणि मी सुईच्या मागे लागलो होतो.

मला एवढा आनंद झाला की मी तसाच त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माह्याच हातानं बिघडलं," तो म्हणाला. "मंग तुहा शक बरोबरच होता."

मला फार वाईट वाटलं.

पंखा वाळला, वॉर्निश झालं, इंजिन आता गुमान चालतं. तोही येतो, हसतो, बोलतो. फक्त पाना उचलण्याआधी माझ्याकडे बघून विचारतो, "घेऊ का?"