तपासणी टेबलाची चार स्टुलं

नळांच्या कारखान्यात त्याला सगळे सुधारकराव म्हणत. ही पदवी वेल्डरने बहाल केलेली होती, आणि तो टोमणा आहे हे खुद्द सुधारकराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस तसा मुंगीला वाट करून देणारा, पण कुणी बिनकामाचं एक पाऊल टाकलं की याच्या पोटात कळ उठायची. कारखान्याने ‘रोज थोडी सुधारणा’ अशी मोहीम काढली तेव्हा साहेबांना माणूस शोधावा लागला नाही. हा आधीच हात वर करून उभा होता.

घरही सुटलं नाही. ओट्यापाशी दोन पावलं वाचावीत म्हणून त्याने एका रविवारी सगळे डबे नव्याने लावले. दुसऱ्या दिवशी चहात मीठ पडलं. बायकोने तो कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “प्या. पावलं वाचली आहेत.” तो प्यायला. वर “सवय होईल हळूहळू” असंही म्हणाला.

बायकोही त्याच कारखान्यात होती, तपासणीच्या टेबलावर. चार बायका स्टुलांवर बसायच्या, प्रत्येक नळ हातात घेऊन फिरवायच्या, आट्यांवरून बोट फिरवायच्या, खोट दिसली की बाजूला टाकायच्या. बाकीच्या तिघी तरुण होत्या. हिचे गुडघे मात्र केव्हाचे कुरकुरत होते. जिना चढताना त्यांचा आवाज शेजारणीला ऐकू जाई. पण बसून काम असल्यामुळे कारखान्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता, आणि तो लागू नये याची ती काळजी घेई.

मोहिमेत लाल चिठ्ठ्या आल्या. जी वस्तू कामाच्या आड येते तिला चिठ्ठी बांधायची. आठवड्याभरात कुणी ती ठेवण्याचं कारण लिहून दिलं नाही, तर वस्तू भंगारात. सुधारकरावांच्या हाती चिठ्ठ्या म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. स्टोअरकीपरच्या कपांची फळी गेली. वेल्डरचा दाढीचा आरसा गेला. मग हे महाशय तपासणी टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांना दिसलं की नळांची पेटी सरकवायची म्हणून प्रत्येक बाई उठते, बसते, पुन्हा उठते. उभीच राहिली तर हा सगळा खटाटोप वाचेल. हिशेब बिनचूक होता. त्याने चारही स्टुलांना चिठ्ठ्या बांधल्या.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “अहो, माझ्यासुद्धा?”

“चारही. नियम सगळ्यांना सारखा.”

“नियमाला गुडघे असतात का हो?”

“अगं, मग कारण लिहून दे ना. गुडघे दुखतात म्हणून स्टूल हवं. एका ओळीचं काम.”

“लिहिते की! म्हणजे स्टुलाच्या आधी मलाच भंगारात काढतील. उभी राहिले तर आठ-पंधरा दिवसांत माझं काम संपलं, हे तुम्हाला कळतंय ना? तुम्ही बांधलीत, तुम्हीच सोडा. चूक झाली म्हणा.”

“पण चूक कुठे झालीय?” तो अगदी मनापासून म्हणाला.

ती अंथरुणाकडे वळली. मग दिवा मालवून झोपली.

सकाळी मात्र तो शिफ्ट सुरू व्हायच्या आत टेबलापाशी गेला. काही झालं तरी आपलेच दात, आपलेच ओठ. खाली वाकून त्याने तिच्या स्टुलाच्या चिठ्ठीची गाठ पकडली, तोच मागून वेल्डर गरजला.

“काय सुधारकराव! आमचा आरसा गेला तेव्हा नियम लोखंडाचा होता. वहिनींची पाळी आली, तर लगेच मेणाचा?”

अख्खं खातं हसलं. तिघी पोरीही पदराआड हसल्या. बायको दारातून आत येत होती, ती थांबली. सुधारकरावांचे कान लाल झाले. त्या एका क्षणात एवढंच म्हणायचं होतं, की हो बाबा, मेणाचा. लोक हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, विसरले असते.

“छे, छे,” तो म्हणाला, “गाठ सैल झाली होती. घट्ट करतोय.”

आणि खरोखरच त्याने ती घट्ट केली.

आठवडा संपला. स्टुलं हातगाडीवर चढली. बायकांनी कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून फरशीवर पिवळ्या रंगाने पावलांच्या चार जोड्या काढल्या गेल्या. काम वाढलं, साहेबांनी सुधारकरावांच्या पाठीवर थाप मारली. बायको उभी राहू लागली. आधी एका पायावर भार, मग दुसऱ्यावर, मग टेबलाच्या कडेवर कोपर. घरी ती गुडघ्यांना पट्ट्या बांधायची. तो तेल गरम करून आणायचा, तर ती वाटी हातातून घ्यायची आणि म्हणायची, “ठेवा तिथे.” भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण तिने बंदच केलं होतं.

एका सकाळी तिला पलंगावरून उठता आलं नाही. दुपारी उठली, पण कारखान्याकडे पुन्हा फिरकली नाही. तिची जागा भरायचा विषय निघाला, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की तिघींनीच काम उरकलं होतं. ते खूश झाले. ही बचतही मोहिमेच्या खात्यात जमा झाली, म्हणजे सुधारकरावांच्या.

पुढे दुसऱ्या कारखान्याचे पाहुणे मोहीम बघायला आले. साहेबांनी मोठ्या कौतुकाने सुधारकरावांना पुढे केलं. त्याने नळ आपोआप घसरत येतील अशी नवी उतरती फळी दाखवली, पेट्यांची वाट दाखवली, तपासणीचं टेबल दाखवलं. एका पाहुण्याने पावलांच्या चौथ्या जोडीकडे बोट केलं. तिथला रंग अजून ताजा होता.

“इथे कोण उभं राहतं?”

सुधारकरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसून मान डोलवत होते.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “ती गरज आम्ही काढून टाकली.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.