टाचेतलं मेण

१८८०च्या सुमारास ठाण्याच्या खाडीकाठच्या एका मिठागरात गोदा मुकादमीण होती. हाताखाली एकोणीस बायका, सगळ्या आगरी, बहुतेक नात्यातल्या. वय पन्नाशीच्या आसपास. नक्की आकडा तिलाही ठाऊक नव्हता.

मिठागरात अनवाणीच उतरावं लागे. वहाणेने तळ उखडतो आणि मीठ काळं निघतं. त्यामुळे टाचांना भेगा पडत, भेगांत खारं पाणी जाई, मग पू धरे. गोदाची नणंद रंगूबाई, तिचा पाय असाच घोट्यापासून कापावा लागला. तेव्हापासून गोदाने नेम केला. सकाळी बांधावर प्रत्येकीची टाच बघायची. भेग खोल असेल तिला घरी पाठवायचं.

"आत्ते, आम्ही काय बैल हाव, खूर बघायला?" बायजा विचारी.

"बैल बरा. तोंड चालवत नाय."

तीन वर्षं हे चाललं. घरी जाणाऱ्या कमी कमी होत गेल्या. नेम लागू पडला, असं गोदा चारचौघींत सांगायची.

चैत्रातल्या एका सकाळी बायजाने पाय वर केला. नेहमीच्या बारीक भेगाही नाहीत, टाच पार गुळगुळीत. गोदा थबकली. चार महिने खारात उभ्या राहिलेल्या बाईची टाच फुटलेली नाही, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने अंगठ्याचं नख दाबलं. काजळी मिसळून कातडीच्या रंगाचा केलेला मेणाचा गोळा सुटून आला, मागोमाग पू.

"कधीपासून?"

"होळीपासून."

"अन् सांगितलं नाय?"

"सांगून काय? घरी धाडशील, दिवसाचा रोज बुडेल. पोरांना काय टाच चाटवू?"

गोदाने बाकीच्यांच्या टाचा पुन्हा पाहिल्या, या वेळी नखाने. बायजा धरून सात जणींच्या टाचांत मेण निघालं. तिच्या नेमाने जखमा थांबल्या नव्हत्या, फक्त झाकल्या गेल्या होत्या.

ती तशीच मालकाकडे, विश्रामशेटकडे गेली. टाच खोल फुटलेलीला बांधावर गोण्या शिवायला बसवा, म्हणाली, आणि मजुरीचा रोज तोच द्या.

"बसणाऱ्यांनाही तोच रोज?"

"शेट, गोण्या शिवायला तुम्ही बाहेरची माणसं आणताच ना? ती आणू नका. अन् या सात जणी आजारी पडल्या, तर भर हंगामात मीठ ओढायला कोण येणार?"

"खोटं सांगून बसतील, गोदे."

"एखादी बसेलच. मेण भरण्यापेक्षा ते बरं."

शेटने पागोटं सारखं केलं. "पंधरा दिवस. मग बघू."

सात जणींनी गोदासमोर गरम पाण्याने टाचा धुतल्या, करंजेल लावलं आणि दाभण हातात घेतलं. तिसऱ्या दिवशी जया लंगडत आली. गोदाने पाय उलटासुलटा केला.

"ह्यो डास चावलाय."

"दुखतंय पण!"

"डासाला पण दुखलं असेल. उतर पाण्यात."

बायका खदखदल्या, जयाही हसत उतरली. पण दोन दिवसांनी धाकट्या लक्ष्मीने विचारण्याआधीच टाच पुढे केली, भेग ताजी असतानाच. गोदाने सरकून बांधावर जागा करून दिली.

पंधरवडा संपला तेव्हा सातांपैकी पाच जणी पुन्हा मीठ ओढत होत्या. शेट बांधावर आला. शिवलेल्या गोण्यांची थप्पी पाहिली, एक शिवण ओढून बघितली आणि निघून गेला. मुदतीचं नाव त्याने काढलं नाही. गोदानेही आठवण करून दिली नाही.