काळ्या खिडकीतली यादी

चक्रीवादळानंतर माणगावात नुकसानीचे फोटो गोळा करणाऱ्या एका खाजगी ऑफिसात मी कामाला होते. दिवेआगरच्या वाड्यांमधले पडलेले माड, मोडलेल्या पोफळी, उडालेले पत्रे, सगळ्यांचे फोटो आमच्याकडे यायचे. प्रत्येक फोटोच्या नावाच्या सुरुवातीला अर्जाचा नंबर असायचा. ती सगळी नावं एका यादीत टाईप करून विमा कंपनीला पाठवायची, हे काम माझ्याकडे आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे होतं. ताई पन्नाशीच्या. मनगटाला पट्टा बांधून टाईप करायच्या.

तिसऱ्या दिवशी मी इंटरनेटवर वाचलं की कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत `dir /s /b > yadi.txt` एवढं लिहिलं, की फोल्डरातल्या आणि त्याच्या आतल्या फोल्डरांतल्याही सगळ्या फायलींची नावं आपोआप एका फाईलमध्ये उतरतात. मी करून पाहिलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत यादी तयार. ताई खुर्ची ओढून बघायला आल्या, तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"सर, यादी अशी पटकन होते."

"हॅकिंगबिकिंग इथे चालणार नाही. हातानं करा. हातानं केलेलं खात्रीचं असतं." त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला, खिडकी बंद केली आणि माझी फाईलही पुसून टाकली. एक ओळ वाचायची तसदी घेतली नाही. आम्ही आणखी चार दिवस टाईप करत बसलो.

पंधरा दिवसांनी दिवेआगरहून एक बाई एसटीने आल्या. त्यांचा अर्ज परत आला होता, फोटो नाहीत म्हणून.

"फोटो न्हाईत कसे? तुमचा माणूस सकाळभर माझ्या वाडीत हिंडत व्हता. मी त्याला च्या करून दिला."

साहेबांनी छापील यादीवर बोट फिरवलं. "यादीत नाही म्हणजे नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साहेबांना न विचारता काळी खिडकी उघडली आणि बाईंच्या अर्जाच्या नंबराने शोधलं: `dir /s /b 214*`. अकरा फोटो होते. कुणीतरी फोल्डरात आणखी एक फोल्डर करून ठेवले होते. ते आम्हा दोघींपैकी कुणीच उघडलं नव्हतं.

साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "या ताईंच्या हातून चूक झाली बघा."

ताईंनी मान खाली घातली. ते मात्र मला सहन झालं नाही.

"चूक ताईंची नाही, सर. ही यादी मी त्या दिवशी बिनचूक काढली होती. तुम्ही ती पुसलीत."

साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. मी अकरा फोटो जोडून अर्ज तिथल्या तिथे पुन्हा पाठवला. महिन्याभराने तो मंजूर झाल्याचं बाईंनीच फोन करून सांगितलं.

बाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी मी ताईंना चार-पाच कमांड एका पुठ्ठ्यावर मराठीत अर्थासकट लिहून दिल्या. आठवड्यात त्या माझ्याहून भराभर यादी काढू लागल्या. आणि साहेब? ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे सगळं ऑटोमॅटिक आहे, मीच बसवून घेतलं." ताईंची माफी त्यांनी आजतागायत मागितलेली नाही.