सगळे अंगठे, एकही सही नाही

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो. पंच कोण होते, पंचनामा कुठं झाला, वकिलांनी कोर्टात किती डोकं खाल्लं, सगळं वयाबरोबर गेलं. सोलापूरच्या मुलींच्या शाळेचं हे प्रकरण मात्र विसरता येत नाही, कारण त्यात चूक माझीही होती.

आधी एक सांगून टाकतो. माझा स्वभाव संशयी. पोलिसाचा असतोच, पण माझा जरा जास्त. आमच्या घरात म्हणायचे, पाहुणा आला की हा त्याच्या तोंडाकडं नंतर बघतो, आधी चपलेकडं. एवढा संशयी माणूस, आणि नेमका जिथं संशय घ्यायला हवा होता तिथं मी हसून मोकळा झालो.

त्या वेळी मी शहरात फौजदार होतो. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ठाण्यात हजेरी व्हायची, मग स्टेशन डायरी, मग गस्तवाल्यांचे अहवाल, मग चहा. त्या मंगळवारी चहा हातातच होता, तेवढ्यात एक धनगर दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगड्यांची चळत. सांगोल्याकडचा, बाजारासाठी आलेला.

"सायब, एक बाई दावायची हाय."

"कसली बाई?"

"शुक्रवार पेठंत पोरींची रांग घिऊन साळंला चाललीवती. आमच्या सांगोल्याच्या साळंत हीच व्हती. माज्या भावाच्या पोरीला कायतरी खायाला घातलं आन् पायातलं वाळं काडलं. पोरगी चार दिस वळकत नव्हती कुनाला. खटला चालू हाय की तिच्यावर. जामिनावर सुटली न् हितं आली."

माझा पहिला संशय त्या धनगरावरच. खबर द्यायला आपण होऊन येतो त्याच्या पोटात काहीतरी दुखत असतं, हा माझा अनुभव. बांधाचं भांडण आहे का, सोयरिकीचा वाद आहे का, उलटसुलट विचारलं. तिसऱ्यांदा तेच विचारल्यावर गडी भडकला.

"तीनदा इचारलं म्हून बाई बदलंल व्हय सायब? जाऊन बगा की!"

आता हे 'पोरींची रांग' प्रकरण नव्या वाचकांना समजायचं नाही. त्या काळी मुली एकट्या शाळेत जात नसत. शाळेची एक बोलावणारी बाई असे. ती सकाळी दारोदार हाका मारीत फिरायची, आया आपापल्या पोरीचं बोट तिच्या हातात द्यायच्या आणि ही सगळ्यांना शाळेत पोचवायची, संध्याकाळी परत आणायची. लोकांचा मास्तरांवर नसेल एवढा विश्वास त्या बाईवर.

मी सांगोल्याच्या ठाण्याला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: खटला चालू, आरोपी जामिनावर, कागद टपालानं पाठवतो. म्हणजे धनगर खरं बोलला होता.

गुरुवारी हेडमास्तरांना भेटलो. वयस्क, सज्जन माणूस. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, पण बोलले ते वेगळंच.

"आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, फौजदारसाहेब. उद्या ती निर्दोष सुटली तर?"

"सुटली तर आनंद आहे. पण ज्यांच्या पोरी तिच्या हातात आहेत, त्यांना खटला आहे एवढं तरी कळायला हवं की नको?"

"त्यांना कळलं तर उद्या शाळेत मी आणि फळा, दोघंच उरू. एकेक मुलगी मी दारात जाऊन हात जोडून आणलीय हो. पोरीला शिकवून काय करायचंय, हे प्रत्येक घरात ऐकलंय. शाळा बंद पाडायला त्यांना निमित्तच हवंय. झाकली मूठ राहू द्या. रविवारी शाळेची कमिटी बसेल, ती ठरवील."

माणूस खोटं बोलत नव्हता. मुलींची शाळा चालवणं तेव्हा खरोखर कठीण होतं. शिवाय नुसत्या आरोपावरून माणसं आयुष्यातून उठलेली मीही पाहिली होती. मी रविवारपर्यंत थांबायला कबूल झालो. कुणी मला तसा हुकूम दिला नव्हता, मी आपल्या तोंडानं कबूल झालो.

मनात पाल चुकचुकत होतीच, म्हणून साध्या कपड्यात एक शिपाई तिच्या मागं ठेवला. पण अनोळखी पुरुष बायकांच्या गल्लीत दोनदा फिरला की लोक सोडतात होय! शनिवारी पेठेतल्या पोरांनी माझ्याच शिपायाला धरून माझ्याच ठाण्यात आणून उभा केला. ती देखरेख तिथंच संपली.

रविवारी कमिटीनं ठरवलं की पालकांना कळवायचं. मजकूर मीच तपासला. शाळेत कामाला असलेल्या बाईवर दुसऱ्या तालुक्यात मुलीच्या अंगावरचे दागिने काढल्याबद्दल खटला चालू आहे, निकाल लागलेला नाही, पालकांनी मुलींना दागिने घालून पाठवू नये आणि नवी बाई मिळेपर्यंत शक्यतो स्वतः पोचवावं. मजकुरात खोट काढायला जागा नव्हती. सोमवारी तो शाळेच्या सूचनेच्या वहीत उतरवला. ही वही घरोघर फिरायची. वाचता येणारा वाचून सही करी. न येणाऱ्याला गल्लीतलं कुणीतरी वाचून दाखवी आणि तो अंगठा उठवी.

मी विचारलं, "वही नेणार कोण?"

"तीच. दुसरं आहे कोण? मुलींच्या शाळेत पुरुष शिपाई नको, हा कमिटीचाच नियम."

"अहो मास्तर, तिच्याविरुद्धची सूचना तिच्याच हातानं?"

"ती अंगठाबहाद्दर आहे हो! दर महिन्याला माझ्यासमोर अंगठा उठवते. तिला काय कळतंय आत काय लिहिलंय ते!"

मी हसलो. खरंच हसलो. आरोपीच आपली बातमी पोचवणार, याची मला गंमत वाटली.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, शाळा भरायच्या आधीच, हेडमास्तरांनी वही ठाण्यात पाठवली. सोबत चिठ्ठी: 'सर्व पालकांस कळविले.' मी पानं उलटली. अंगठे, अंगठे आणि अंगठे. पहिल्यांदा बरं वाटलं, मग काहीतरी खटकलं. कालपासून एकही आईबाप ठाण्यावर आला नव्हता. असली सूचना कानावर पडल्यावर आई चूल पेटती टाकून धावत येईल. बाप मास्तरांची गचांडी धरील. इथं अख्खी पेठ चिडीचूप. मला तेव्हा त्या शांततेचीच भीती वाटायला लागली.

आमचे जमादार शुक्रवार पेठेतच वाढलेले, प्रत्येक घर माहितीचं. त्यांना वही दाखवली. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

"साहेब, हा तर कोर्टातला कारकून. दिवसभर सह्या करतो. हा अंगठा कशाला उठवील?"

खरंच की! पेठेत दुकानदार, कारकून, मुनशी, आणि वहीत एकही सही नाही. तेवढ्यात टपाल आलं. सांगोल्याचे कागद. आरोपीच्या जामीनपत्राखाली स्वच्छ, वळणदार अक्षरात तिची सही होती.

जमादार म्हणाले, "या अल्ला! बाई लिहितीवाचती हाय."

मी टोपी उचलली. आम्ही टांग्यात बसलो आणि वहीतलं पहिलं घर गाठलं. विणकर कुटुंब, घरात तेलुगू बोलणारं. बाप मागावर बसलेला, आई सुताच्या कांड्या भरत होती. मी विचारलं, काल बाईनं वहीतलं काय सांगितलं?

"आज शाळेत मडम येणार, तपासायला. पोरीला सगळं घालून, नटवून पाठवा म्हणली." मग ती आई अभिमानानं पुढं म्हणाली, "आमची पोरगी मडमला हार घालणार सायब. म्हणून तिला लवकर नेली, सगळ्यांच्या आधी. वाळे मी राखेनं घासून घातले."

तिला काही न सांगता मी शाळेकडं टांगा पिटाळला. तेव्हाही सांगितलं नाही बघा!

शाळेत सगळ्या मुली सणासुदीसारख्या नटलेल्या. बाईही तिथंच, डोक्यावर पदर, शांत. हार घालणारी मुलगी तेवढी कुठं नव्हती. बाईच्या गाठोड्यात इतर मुलींच्या गळ्यातल्या सऱ्या, हातातल्या बिंदल्या निघाल्या. मडम यायच्या आधी हरवतील म्हणून काढून ठेवल्या, म्हणे. दुपारच्या गाडीनं ती पसार होणार होती, हे नंतर कळलं.

तिला हेडमास्तरांच्या खोलीत बसवली.

"ती मुलगी कुठंय?"

"मला काय ठावं? दारातनं आणली, दारात सोडली. मी अडाणी बाई, सायब."

अर्धा तास हेच. शपथा, रडणं, पाया पडणं. मी दमात घेतलं, गोडीत घेतलं. बाई दगडासारखी. हेडमास्तर कोपऱ्यात उभे होते आणि तिकडं पोरीच्या पोटात काय गेलंय, किती गेलंय, कुणाला माहीत! कागद फिरवीत बसायला वेळच नव्हता.

मग मी एक खोटेपणा केला. कबूल करतो. टेबलावरचा कागद ओढला, तिला दिसेल असा धरला आणि जमादारांसाठी म्हणून ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'मुलगी मेलेली सापडली. खुनाचं कलम लावा.' एक शब्द तोंडानं बोललो नाही. कागद तसाच टेबलावर ठेवून टाक टिपत बसलो.

तिचे डोळे ओळीवरून फिरले. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि ती ताडकन उठली.

"मेली न्हाय! एवढ्याशानं कुनी मरत न्हाय! गुंगी आलीया नुसती!"

आपण काय करून बसलो हे तिला कळलं आणि ती मटकन खाली बसली. पुढचं सगळं भराभर आलं. बाजाराजवळच्या एका बंद वखारीच्या पडवीत पोरगी निजवली होती. वाळे घट्ट होते, पोर ओरडल्याशिवाय निघाले नसते, म्हणून पेढ्यातून धोतरा दिला. आणि वहीचं म्हणाल, तर अडाणी घरी वाचणारा बोलवायच्या आधीच तिनं स्वतः निरोप सांगून अंगठा घेतला, शिकल्यासवरल्या घरी वही नेलीच नाही. तिथं तोंडी निरोप सांगितला आणि त्यांच्या नावापुढं स्वतःचा अंगठा उठवला.

पोर सापडली. अंग तापलेलं, ओठ कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या. जमादारांनी तिला उचलून टांग्यात घेतलं आणि वाटभर तिच्याशी बोलत राहिले, ती ऐकत नव्हती तरी. सिव्हिल इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी तिनं आईला ओळखलं. तोवर ती माउली खाटेच्या पायाशी बसून होती, अन्नाचा कण न घेता.

शाळा ओस पडली का? नाही. आठवडाभर पोरी आल्या नाहीत, हे खरं. मग पेठेतल्या बायकांनी आपल्यातच पाळ्या लावल्या. रोज दोन आया मिळून सगळ्या पोरींना पोचवू लागल्या. हेडमास्तर मला म्हणाले, "आधीच सांगितलं असतं तर हेच झालं असतं." मी म्हटलं, "हो."

बाईला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम विणकराच्या घरी सांगायला गेलो. वाटलं होतं, बिचाऱ्या आईला बरं वाटेल. ती कांड्या भरीत होती. तिनं ऐकून घेतलं, आणि हात न थांबवता विचारलं,

"तुमाला कदी कळलं होतं सायब?"

"आधीच्या मंगळवारी धनगर आला. बुधवारी तार आली."

आता तिचा हात थांबला. ती बोटांवर मोजायला लागली. "गुरुवार, शुक्रवार, शनवार, सोमवार. चार दिवस मीच तिचं बोट त्या बाईच्या हातात दिलं. आन् मंगळवारी नटवून दिली. तुमाला ठाऊक, मास्तरला ठाऊक. पोरगी माझी, आन् मलाच कुणी सांगितलं न्हाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नवऱ्यानं मागावरूनच तेलुगूत तिला काहीतरी दटावलं, बहुधा साहेबांशी असं बोलू नको म्हणून. मला शरम वाटली. इतकी वर्षं झाली, अजून वाटते.

पुढं बदल्या होत गेल्या. पण शाळेतल्या नोकरावर खटला उभा राहिला, की मी वही, चिठ्ठी, कमिटी कशाचीही वाट पाहिली नाही. घरोघर स्वतः गेलो आणि तोंडानं सांगितलं: खटला आहे, निकाल नाही, माणूस निर्दोषही असेल, पण पोर तुमची, तेव्हा ठरवायचं तुम्ही. कोणी दार लावून घेतलं, कोणी चहा दिला. एका हेडमास्तरांनी वर तक्रार केली. रागावले तर रागावले. पोर त्यांची नव्हती.