तापलेला रेडिओ

नातीने घाईघाईने पालथा ठेवलेला मोबाइल मी हळूच चाचपला. गरम लागला, आणि एकदम अण्णांचा हात आठवला. साठच्या दशकातले रेडिओ वाजले की तापायचे. आमचे वडील, अण्णा, कचेरीतून आले की चपला काढायच्या आधी रेडिओवर तळहात टेकवायचे. “तापलाय. कोण नाचत होतं?” आम्ही बहिणी पुस्तकांत डोकं खुपसायचो. गाणं संपलं तरी त्याची ऊब मागे राहते, आणि संशयी माणूस नेमकी तीच शोधत बसतो.

एकदा आईबरोबर आम्ही मामाकडून अचानक परतलो. घरात अण्णा एकटेच, खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या. आईने रेडिओवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला.

“चहा टाकते,” ती म्हणाली. “दमला असाल.”